खडा उजवीकडे, दुखणं मधोमध

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईचं वय ६१. दोन महिन्यांपासून तिला छातीच्या हाडाच्या खाली, बेंबीच्या वर, मधोमध दुखतं. कधी जेवणानंतर, कधी पहाटे. तासन्‌तास टिकणारी कळ नाही, उलट्या, ताप, कावीळही नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की यकृतावर पहिल्या ग्रेडची चरबी आहे, पित्ताशयात ९ मिमीचा एक खडा आहे, स्वादुपिंड गॅसमुळे पूर्ण दिसलं नाही, प्लीहा आणि दोन्ही मूत्रपिंडं नॉर्मल आहेत. पित्ताशय उजव्या बाजूला असतं, तर दुखतं मध्ये कसं? आणि हे सगळे अवयव नेमके कुठे असतात, काय काम करतात?

मी जनरल सर्जन आहे. गेली २६ वर्षं एका तालुक्याच्या गावी पोटाची ऑपरेशनं करतो, आणि हा प्रश्न माझ्या ओपीडीत आठवड्यातून दोनदा तरी येतो. तुम्ही थांबून विचारलंत हे फार बरं केलंत. बहुतेक घरांत ‘खडा सापडला ना, मग दुखणं खड्याचंच’ असं ठरवून टाकतात. तसं असेलही. पण तुमच्या रिपोर्टमध्ये एका अवयवाचं नावच नाही, आणि मधोमध दुखणाऱ्या पोटात माझा पहिला संशय त्याच्यावरच असतो. तो अवयव म्हणजे जठर.

त्याचं नाव का नाही, हे आधी समजून घ्या. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर चालते आणि त्या लहरी हवेतून पुढे जात नाहीत. यकृत, प्लीहा, मूत्रपिंडं हे भरीव अवयव. पित्ताशय पिशवीसारखं असलं तरी द्रवानं भरलेलं. म्हणून हे सगळे स्वच्छ दिसतात. जठर आणि आतडी पोकळ, त्यांत हवा. त्यांच्या आतल्या अस्तरावर जखम असली तरी ती या तपासणीत सहसा दिसत नाही. स्वादुपिंड बिचारं जठराच्या मागे दडलेलं, त्यामुळे जठरात गॅस असला की तेही झाकलं जातं. ‘गॅसमुळे दिसलं नाही’ याचा अर्थ तिथे आजार आहे असा नाही, आणि तिथे सगळं ठीक आहे असाही नाही.

सोनोग्राफीच्या खोलीत तुम्ही आईबरोबर असाल, तर दोन गोष्टी तुमच्या लक्षात आल्या असतील. उजव्या बरगड्यांखाली जेल लावून डॉक्टर सारखं सांगतात, ‘श्वास आत घ्या, धरून ठेवा, आता सोडा.’ यकृत श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, खालून चिकटलेलं असतं. श्वास आत घेतला की श्वासपटल खाली येतं, त्याच्याबरोबर यकृत दोन-तीन सेंटिमीटर खाली सरकतं आणि बरगड्यांच्या आडोशातून बाहेर डोकावतं. मग ते सांगतात, ‘डाव्या कुशीवर वळा.’ तेव्हा स्क्रीनवरच्या काळ्या नाशपतीसारख्या पिशवीत एक पांढरा ठिपका घरंगळत खाली जातो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. तो खडा. खडा नसून अस्तरावरचा छोटा कोंब असता, तर तो हलला नसता आणि त्याची सावलीही पडली नसती. उपाशीपोटी बोलावतात तेही याचसाठी. जेवलेल्या माणसाचं पित्ताशय आकसून रिकामं झालेलं असतं, त्यात काय दिसणार?

आता नावांचा घोळ सोडवू, कारण आपली रोजची भाषाच इथे आपल्याला चकवते. ‘पोट’ म्हणताना आपण बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंतचा सगळा भाग धरतो आणि अन्न साठवणारी पिशवीही धरतो. त्या पिशवीचं नाव जठर, आणि ते बेंबीजवळ नसतं. बरंच वर, डाव्या बरगड्यांच्या आड असतं. ‘काळीज’ हा शब्द आपण हृदयासाठी वापरतो, पण मटणाच्या दुकानातली कलेजी म्हणजे यकृत. सगळ्यात मोठा गोंधळ ‘पित्ता’चा. आंबट ढेकर आले तरी पित्त झालं म्हणतात, अंगावर गांधी आल्या तरी पित्त उठलं म्हणतात. ‘पित्ताशय काढल्यावर अंगावरचं पित्त जाईल ना?’ असं मला अनेकांनी अगदी मनापासून विचारलंय. नाही जाणार. घशाशी आंबट येतं ते जठरातलं आम्ल. अंगावर उठतं ती बहुतेकदा अ‍ॅलर्जी. आणि पित्ताशयात साठतं ते यकृतानं तयार केलेलं कडू, पिवळं-हिरवट पित्त. तीन वेगळ्या गोष्टी, नाव एकच.

आता तुमचा मुख्य प्रश्न. खडा उजवीकडे आणि दुखणं मध्ये, असं का?

गर्भात पोटाचे अवयव तयार होतात तेव्हा अन्नमार्ग ही शरीराच्या मध्यरेषेवरची एक सरळ नळी असते. तिच्या वरच्या भागातून जठर, लहान आतड्याची सुरुवात, यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड तयार होतात. पुढे ते वळतात, सरकतात, कुणी उजवीकडे जातं, कुणी मागे जातं. पण त्यांच्या मज्जातंतूंची जोडणी सुरुवातीच्या जागेचीच राहते. रक्तपुरवठाही सामाईक. छातीतून पोटात उतरलेल्या महाधमनीतून एक आखूड, जाड फांदी निघते आणि लगेच तिचे तीन फाटे होतात: एक जठराला, एक यकृताकडे, एक प्लीहेकडे. त्याच फांदीभोवती मज्जातंतूंचं जाळं असतं आणि या अवयवांच्या वेदना त्या जाळ्यातून वर जातात. मेंदूला एवढंच कळतं की ‘वरच्या पोटात, मधोमध काहीतरी बिघडलंय’. कोणाचं बिघडलंय, ते कळत नाही. एकाच चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच दारावरची घंटा असावी, तसं हे आहे.

वेदना आपल्या खऱ्या जागी येते ती नंतर. अवयवाची सूज पोटाच्या भिंतीच्या आतल्या अस्तराला लागली की. त्या अस्तराच्या नसा त्वचेसारख्या, नेमकी जागा दाखवणाऱ्या. म्हणून पित्ताशयाचं दुखणं सुरू होतं मध्ये, आणि सूज वाढली की उजव्या बरगडीखाली जाऊन बसतं. तेव्हा मी तिथे बोटं ठेवून पेशंटला खोल श्वास घ्यायला सांगतो. सुजलेलं पित्ताशय खाली येऊन बोटांना टेकतं आणि श्वास अर्ध्यातच अडतो. चेहऱ्यावरूनच कळतं. या खुणेला मर्फीची खूण म्हणतात, आणि इतक्या वर्षांनंतरही माझा तिच्यावर मोठा भरवसा आहे. कधी हेच दुखणं उजव्या खांद्याच्या पात्याखाली जाणवतं आणि माणूस महिनाभर पाठीला मलम चोळत बसतो.

आता एकेकाकडे येऊ. जठरापासून सुरुवात करतो, कारण रिपोर्टनं त्याला वगळलंय.

जठर ही स्नायूंची पिशवी. रिकामी असताना मुठीएवढी, पोटभर जेवल्यावर एक ते दीड लिटर सामावून घेणारी. ते दिवसाला साधारण दोन लिटर रस सोडतं आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. अन्न घुसळून पातळ करायचं, प्रथिनांच्या पचनाला सुरुवात करायची, अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू मारायचे, आणि पुढे थोडं थोडं सोडायचं, हे त्याचं काम. वरणभात दोन-तीन तासांत पुढे सरकतो, तेलकट-तुपकट जेवण जास्त वेळ रेंगाळतं. बी-१२ शोषलं जाण्यासाठी लागणारं एक प्रथिनही जठरच बनवतं.

हे सगळं माणसाला कसं कळलं याची गोष्ट मला फार मोलाची वाटते. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटाला भोक राहिलं, थेट जठरात उघडणारं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी मांसाचे, ब्रेडचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडले, ठरावीक वेळानं बाहेर ओढले आणि किती पचलं ते लिहून ठेवलं. पचन ही रासायनिक क्रिया आहे हे त्यातून दिसलं. आज वाचताना त्या गरीब तरुणाची कुणी मनापासून परवानगी घेतली होती का, हा प्रश्नही मनात येतो.

एवढं तीव्र आम्ल जठराला स्वतःला का खात नाही? कारण आतून चिकट श्लेष्माचा थर असतो, आणि अस्तराच्या पेशी सतत नव्या होत असतात. हा थर दोन गोष्टींनी मोडतो. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतः पिऊन दाखवला, आणि २००५ साली त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. तोवर अल्सर, म्हणजे अस्तराची जखम, हे फक्त तिखट खाण्याचं आणि टेन्शनचं दुखणं, असंच समजलं जायचं. दुसरं कारण माझ्या गावात रोज दिसतं: वेदनाशामक गोळ्या. साठीच्या बायका गुडघ्यांसाठी मेडिकलमधून रोज एक गोळी आणतात, बऱ्याचदा उपाशीपोटी घेतात, आणि डॉक्टरला सांगत नाहीत, कारण ‘ती काय, साधी दुखण्याची गोळी’. या गोळ्या श्लेष्माचा थर कमजोर करतात. काही जणी माझ्यापर्यंत येतात त्या थेट डांबरासारखी काळी शौच होऊन, हिमोग्लोबिन सहावर आलेलं असताना.

जठराच्या पुढे ड्युओडेनम, लहान आतड्याचा पहिला भाग, सुमारे २५ सेंटिमीटर लांब. लॅटिन नावाचा उगम ‘बारा’ या आकड्यात आहे, कारण जुन्या वैद्यांनी त्याची लांबी बारा बोटं मोजली. तो इंग्रजी सी अक्षरासारखा वळतो आणि स्वादुपिंडाचं डोकं कुशीत घेतो. या वळणाच्या आतल्या भिंतीवर एक बारीक छिद्र आहे. यकृताकडून आलेली पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी, दोन्ही बहुतेकांत इथे एकत्र येऊन उघडतात. पुढचं सगळं समजायला हे छिद्र लक्षात ठेवा.

यकृत हा पोटातला सगळ्यात मोठा अवयव, जवळपास दीड किलोचा. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून जातं. त्यातलं तीन चतुर्थांश आतड्यांकडून आलेलं असतं. म्हणजे तुम्ही खाल्लेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट, गोळीसुद्धा, आधी यकृताच्या हातून जाते. जास्तीची साखर ते साठवतं आणि उपासाच्या वेळी परत देतं, रक्त गोठवणारी प्रथिनं बनवतं, अमोनियाचा युरिया करतं, आणि दिवसाला पाऊण-एक लिटर पित्त तयार करतं. यकृताच्या आत वेदनेच्या नसा नाहीत, वरच्या आवरणाला त्या आहेत. म्हणून यकृत वर्षानुवर्षं बिघडत राहतं आणि माणसाला पत्ता नसतो. आईच्या पहिल्या ग्रेडच्या चरबीचं दुखणं नाही होत. पण तिच्याकडे दुर्लक्षही करू नका. पोटाचा घेर, मधुमेह आणि ही चरबी एकमेकांच्या हातात हात घालून येतात, दारूला स्पर्श न केलेल्यांतही. साखर तपासा. वजन जास्त असेल तर सात ते दहा टक्के उतरवल्यावर यकृत बरंच सुधारतं. यासाठी महागड्या लिव्हर टॉनिकची गरज नाही.

पित्ताशय यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेलं, सात ते दहा सेंटिमीटर लांब, ३० ते ५० मिलिलिटरचं. ते पित्त बनवत नाही. साठवतं आणि पाणी शोषून घट्ट करतं. स्निग्ध अन्न ड्युओडेनममध्ये आलं की तिथून एक संप्रेरक सुटतं, पित्ताशय आकसतं आणि पित्त त्या छिद्रातून बाहेर पडतं. पित्तामुळे तेलाचे बारीक थेंब होतात आणि मगच त्यावर पाचकरस काम करू शकतात. घट्ट होताना कोलेस्टेरॉलचे किंवा रंगद्रव्याचे कण बसले की खडे. आकसताना खडा तोंडाशी अडकला की कळ येते. ती मिनिटभराची टोचणी नसते. वाढत जाते, अर्धा तास ते काही तास टिकते, माणूस एका जागी बसू शकत नाही, उलट्या होतात, आणि मग खडा मागे सरकला की ती ओसरते. बऱ्याचदा लग्नाच्या किंवा मटणाच्या जेवणानंतर रात्री.

हा खडा मूतखड्यासारखा नाही, हे कळवळून सांगतो. कुळथाचं कढण, भरपूर पाणी, पाषाणभेद, यांनी पित्ताशयातला खडा पडत नाही, कारण तो लघवीच्या वाटेवर नाहीच. तो सरकलाच तर पित्तनलिकेत सरकतो, आणि तिथे अडकला तर कावीळ होते, थंडी वाजून ताप येतो. त्या छिद्राशी अडकला तर स्वादुपिंडाचाही रस तुंबतो. दुसऱ्या बाजूनं, काहीच त्रास न देणारा खडा बहुतेकांच्या बाबतीत तसाच राहू देता येतो. त्रास देणाऱ्या खड्यासाठी दुर्बिणीनं पित्ताशयच काढतात. नुसता खडा काढला तर पुन्हा होतो. भारतात असं ऑपरेशन पहिल्यांदा १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहमटन उदवाडिया यांनी केलं. पित्ताशय गेल्यावर पित्त थांबत नाही, यकृताकडून थेट आतड्यात झिरपत राहतं. काहींना सुरुवातीला शौचास पातळ होतं, बहुतेकांचं ते पुढे ठीक होतं.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं, सुमारे १५ सेंटिमीटर. त्याला मी सगळ्यात जास्त घाबरतो. ते एका शरीरात दोन कारखाने चालवतं. मोठा भाग पाचकरसाचा, दिवसाला सव्वा-दीड लिटर. हा रस जठरातून आलेलं आम्ल शमवतो आणि पिष्ट, प्रथिनं, स्निग्ध सगळं पचवतो. त्यातली प्रथिनं पचवणारी द्रव्यं आत असताना झोपलेली असतात, आतड्यात पोचल्यावरच जागी होतात. खडा अडकून किंवा दारूनं ती आतच जागी झाली तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. ती वेदना मधोमध सुरू होऊन सरळ पाठीत घुसते. माणूस पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला असतो. असा पेशंट दारात दिसला की मी आधी सलाईन लावायला सांगतो, प्रश्न नंतर विचारतो. दुसरा कारखाना इन्सुलिनचा. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची छोटी बेटं सगळी मिळून स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्केच आहेत. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिन वेगळं काढता आलं आणि पुढच्याच जानेवारीत ते पहिल्या मुलाला टोचलं. त्याआधी मधुमेह झालेल्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवूनच थोडे दिवस जगवता यायचं.

प्लीहा, आपल्याकडची पानथरी, डाव्या नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते. जुन्या रक्तपेशी मोडते, जंतूंशी लढते. नॉर्मल असताना हाताला लागत नाही. मलेरियात वाढते, विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलच्या मुलांत वाढलेली दिसते. मोटारसायकलवरून पडून डाव्या बरगड्यांना मार लागला, वरून खरचटलेलंही नाही, आणि काही तासांनी चक्कर येऊ लागली किंवा डावा खांदा दुखू लागला, तर प्लीहा फाटून आत रक्तस्राव होत असू शकतो. घरी झोपवू नका. मूत्रपिंडं या सगळ्यांच्या मागे, पाठीच्या बाजूला. त्यांची कळ कमरेतून जांघेकडे उतरते, आईच्या दुखण्याशी जुळत नाही.

त्या सामाईक घंटेवर आणखी एक जण बोट ठेवतो, आणि तो पोटात राहतच नाही. हृदयाची खालची भिंत श्वासपटलावर टेकलेली असते. तिथला हार्ट अटॅक कित्येकदा छातीत न दुखता वरच्या पोटात दुखतो, मळमळ आणि घाम घेऊन येतो. त्यातही बायका आणि मधुमेही. लोक लिंबूसरबत, अँटासिड घेत रात्र काढतात. चाळिशीपुढच्या कुणालाही असं अचानक, घाम फुटून दुखलं, तर आधी ईसीजी. तो नॉर्मल निघाला तरी मी कुणालाही ‘उगाच आलात’ म्हणणार नाही.

आता तुमच्या आईचं. जेवणानंतर आणि पहाटेही दुखणं, तासन्‌तास टिकणारी कळ नसणं, उलट्या-ताप-कावीळ नसणं, हे ऐकून मला खड्यापेक्षा जठर किंवा ड्युओडेनमची जखम जास्त संभवनीय वाटते. खड्याला निर्दोष ठरवत नाही, पण लगेच ऑपरेशनची तारीखही घेणार नाही. पित्ताशय काढलं आणि दुखणं तसंच राहिलं, असे पेशंट मी पाहिलेत आणि त्यांची निराशा फार वाईट असते. एक ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर, लिव्हरच्या रक्ताच्या तपासण्या करा, आणि या वयात नव्यानं सुरू झालेल्या दुखण्यासाठी तोंडातून दुर्बीण घालून जठर आणि ड्युओडेनम पाहून घ्या. पाच-दहा मिनिटांचं काम असतं. घशात बधिर करणारा स्प्रे मारतात आणि लागलं तर तुकडा काढून जंतूचीही तपासणी होते. स्वादुपिंड गॅसमुळे राहिलंय, त्यासाठी सीटी लागेल का, ते दुर्बिणीनंतर ठरवता येतं. वजन घटत असेल, भूक मेली असेल किंवा दुखणं पाठीत जात असेल, तर मात्र थांबू नका, आधीच करा. काळी शौच, रक्ताची उलटी, पिवळे डोळे, थंडी वाजून ताप किंवा लाकडासारखं कडक झालेलं पोट, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच तासाला दवाखाना.

आणि जाताना रिपोर्टबरोबर आईच्या गोळ्यांची अख्खी पिशवी न्या. बीपीच्या, साखरेच्या, आणि फ्रिजवर किंवा देव्हाऱ्याच्या कप्प्यात ठेवलेलं ते गुडघ्याच्या गोळ्यांचं अर्धं पाकीटसुद्धा.